मुक्ताचा प्रश्न आणि सावित्रीमाईंचा दवाखाना

दरवर्षी १० मार्च जवळ आला की वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंचा फोटो पुसला जातो, हार येतो आणि शाळेतल्या मुली नऊवारी नेसून भाषणे करतात. त्या भाषणांत भिडेवाडा असतो, अंगावर फेकलेले शेण असते, पिशवीत ठेवलेले दुसरे लुगडे असते. हे सगळे सांगायलाच हवे. पण शेवटाकडे येताना मुली घाईने एवढेच म्हणतात की प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना माईंचे निधन झाले, आणि टाळ्या होतात.

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याच्या प्रश्नावर काम करणारी माणसे. आमचा अर्धा दिवस उपकेंद्राच्या पायरीवर आणि उरलेला आशाताईंच्या मागोमाग गल्लीबोळांत जातो. त्यामुळे ते घाईतले वाक्य आम्हाला अडते. साठी उलटून गेलेली, नवरा गमावलेली, हातात फारसा पैसा नसलेली बाई गावाबाहेरच्या मळ्यात दवाखाना का उभा करते? सेवाभाव हे उत्तर पुरेसे नाही. सेवाभाव असणारी माणसे पुण्यात तेव्हाही बरीच होती. माईंचे आयुष्य आरोग्याच्या अंगाने वाचले तर असे दिसते की तो दवाखाना अचानक उगवला नव्हता. त्याची मागणी बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच शाळेतल्या एका मुलीने लिहून ठेवली होती.

सुरुवात सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये, नऊ वर्षांच्या असताना, तेरा वर्षांच्या जोतिरावांशी लग्न झाले. अक्षरओळख सासरी झाली, शिक्षिकेचे प्रशिक्षण अहमदनगर आणि पुण्यात झाले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यापायी घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांच्या घराने आसरा दिला आणि फातिमा शेख ही आयुष्यभराची सहकारी मिळाली. त्यानंतरच्या वर्षांत महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या. १८५२ मध्ये सरकारने फुले दांपत्याचा जाहीर सत्कार केला.

इथे जरा थांबू. या शाळांमध्ये कोणती मुले येत होती? गावकुसाबाहेरची. त्यांच्या घरी कोण आजारी पडते, कोणाचे बाळ कशाने गेले, हे रोज शाळेत येत असणार. शाळा चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे कळते. मूल दोन दिवस आले नाही तर घरी विचारायला जावे लागते, आणि घरी गेले की त्या घराचे सगळे आजारपण समोर उभे राहते. आमच्या ओळखीच्या अंगणवाडी सेविकांना वस्तीतल्या आजारांची बातमी डॉक्टरांच्या कितीतरी आधी असते, ती याच वाटेने.

याच शाळेत मुक्ता साळवे शिकत होती. मांग समाजातली, किशोरवयीन. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. आपल्या चळवळीत त्या निबंधातला धर्माविषयीचा भाग नेहमी सांगितला जातो, कारण तो जळजळीत आहे. पण त्याच निबंधात बाळंतपणाविषयीचा एक उतारा आहे, आणि आरोग्याचे काम करणाऱ्यांनी तो तोंडपाठ करायला हवा. मुक्ता सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात ते ओळखा. त्यात बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? मग ती वरच्या जातींना उद्देशून विचारते की तुमच्यात असा कोणी वैद्य झाला का, ज्याने आम्हाला फुकट औषध दिले?

त्या काळात महाराष्ट्रात कोणी बाळंत बाईचे घर, थंडी, पैसा आणि वैद्य हे चारही मुद्दे एका ओळीत मांडलेले आमच्या वाचनात नाहीत. आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात आरोग्याचे सामाजिक घटक हा धडा परदेशी पुस्तकांतून शिकलो. घरकुल, उत्पन्न, जात यांवर माणसाची तब्येत ठरते, असे त्यात होते. मुक्ताचे नाव मात्र त्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते. असो.

मुक्ताच्या प्रश्नाला पुण्यात तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. तिच्या शिक्षिकेने तो प्रश्न वाचला असणारच, आणि पुढच्याच वर्षी स्वतः आजारी पडण्याची पाळी त्या शिक्षिकेवर आली. १८५६ मध्ये सावित्रीबाई हवापालटासाठी माहेरी, नायगावात होत्या. तिथून ऑक्टोबरमध्ये त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भावाने आजारपणात आपली फार निगा राखली असे त्या कळवतात, आणि आपण नसल्याने शाळेचा सगळा भार फातिमावर पडला असेल याची काळजीही करतात. त्याच पत्रात, महार-मांगांसाठी काम करता म्हणून तोच भाऊ त्यांना बोल लावतो आणि त्या त्याला कसे उत्तर देतात, तेही आहे. निगा राखणारे माणूस आणि जात पाळणारे माणूस एकच असू शकते, हे त्यांनी आपल्याच घरात पाहिले. आजारी माणसाला माहेर असते तेव्हा तो बरा होतो. ज्याला माहेर नाही, छप्पर नाही, त्याचे काय, हा मुक्ताचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

त्या मुद्द्याला पहिले उत्तर मिळाले ते १८६३ मध्ये, आणि तेही वेगळ्याच दारातून आलेल्या बायकांसाठी. जोतिरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची विधवा ब्राह्मण बाई स्वयंपाकाला होती. तिला फसवून एका माणसाने गरोदर केले. लाजेपोटी तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. ते उघडकीला आले आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानात पाठवण्यात आले. फसवणाऱ्याचे काही वाकडे झाले नाही. या प्रकरणानंतर फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी पत्रके त्यांनी शहरात लावली.

आता यातली रोजची कामे डोळ्यांसमोर आणा. पत्रके जोतिरावांनी लावली, पण रात्री दार कोण उघडणार? कळा सुरू झाल्यावर पाणी कोण तापवणार, रक्ताचे कपडे कोण धुणार, बाळाला कोण पुसणार, घाबरलेल्या पोरीच्या उशाशी कोण बसणार? ती सावित्रीबाईंची कामे होती. स्वतःला मूल नसलेल्या बाईच्या घरी एकामागून एक बाळंतपणे होत होती. ज्या पेठांमधून त्यांच्या अंगावर शेण आले होते, त्याच पेठांतल्या मुली त्यांच्या दारात येत होत्या.

पुढे १८८४ मध्ये जोतिरावांनी वैधव्याच्या प्रश्नावर सरकारकडे आपले मत पाठवले, त्यात या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाच मुले जगली होती, तीस दगावली होती. कारणही त्यांनी दिले आहे: गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असत आणि पोटातल्या मुलाला त्याची इजा झालेली असे.

पस्तिसांत पाच. फुले दांपत्याच्या चरित्रात हा आकडा क्वचितच सांगितला जातो, कारण तो यशाचा वाटत नाही. आम्हाला मात्र तो त्यांच्या प्रामाणिकपणाचा मोठा पुरावा वाटतो. आजच्या अहवालांमध्ये लाभार्थी पस्तीस एवढेच छापले जाते आणि खाली हसऱ्या बाळाचा फोटो येतो. जोतिरावांनी तीस मृत्यू लिहिले, आणि ते का झाले तेही लिहिले. बायका उशिरा आल्या. घरात लपवले, गुपचूप काढा घेतला, काही उरले नाही तेव्हा दार ठोठावले. उशीर कशामुळे होतो? गुपित फुटेल या भीतीमुळे.

ही भीती गेलेली नाही. आमच्या कामाच्या भागात एका मुलीने असेच केले. गावात उपकेंद्र आहे, तिथली नर्सबाई चांगली आहे, पण नर्सबाईंच्या शेजारी बसून गप्पा मारणाऱ्या बायका मुलीच्या चुलत्यांच्या ओळखीच्या. म्हणून मुलगी तालुक्याला गेली, औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी मार्फत गोळ्या आणल्या, घेतल्या, आणि तीन दिवस रक्त जात असताना ताप आलाय असे सांगत राहिली. ती वाचली, तेही एका आशाताईने घरात न विचारता तिला रिक्षात घातले म्हणून. गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे, केंद्र जवळ आहे, औषध आहे. फक्त तोंड बंद ठेवणारी खोली नाही. गंजपेठेतल्या त्या घरात नेमकी तीच होती, आणि तरीही तीस मुले गेली.

पुढची काही वर्षे वेगाने सांगू. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे सामाजिक क्रांतीच्या यादीत येते, पण स्वच्छ पाणी ही आधी आरोग्याची गोष्ट आहे, हे ज्यांनी वस्तीत जुलाबाची साथ पाहिली आहे त्यांना सांगायला नको. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. तीन वर्षांनी, १८७६-७७ चा दुष्काळ आला. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर भागात फिरत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात ओसाड गावे, मरणारी जनावरे, गाव सोडून निघालेली माणसे आणि त्यातही व्याज वसूल करणारे सावकार आहेत. त्या सावकारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांना अटक झाली, तेव्हा माई कलेक्टरला सामोऱ्या गेल्या, त्याच्याशी वाद घातला, माणसे सोडवली आणि वर त्याच्याकडून ज्वारीच्या गाड्याही मिळवल्या. उपाशी मुलांसाठी सत्यशोधकांनी अन्नछत्रे चालवली, धनकवडीला बालाश्रम काढला. दुष्काळात माणूस नुसत्या उपासाने मरत नाही, उपासाने खंगलेल्या शरीरावर आलेल्या साध्या तापाने मरतो. भाकरी थापणाऱ्या बायका खरे तर रोग थोपवत होत्या.

दरम्यान घरात एक मूल वाढत होते. १८७४ मध्ये एक विधवा ब्राह्मण बाई बाळंत झाली, तिचेही नाव काशीबाईच. अंदमानात गेलेली काशीबाई वेगळी, ही वेगळी; लेखांमध्ये या दोघींची सरमिसळ नेहमी होते म्हणून मुद्दाम सांगतो. तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. ज्या घरात तीस मुले दगावली, त्या घरात जगलेल्यांपैकी एक पोरगा पुढे डॉक्टर झाला, हे सावित्रीबाईंच्या संसारातले आम्हाला सर्वांत लोभस वाटणारे पान आहे. त्याला डॉक्टर करण्यात घरची परिस्थिती ओढाताणीची होती. जोतिरावांनी मिळवलेले बरेचसे कामात घातले होते.

१८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. उपचार त्यांचे सत्यशोधक सहकारी आणि नामांकित डॉक्टर विश्राम रामजी घोले यांचे होते, शुश्रूषा सावित्रीबाईंची होती. जोतिरावांनी डाव्या हाताने लिहायचा सराव करून सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण पक्षाघाताचा रुग्ण डाव्या हाताने पुस्तक लिहीपर्यंत येतो त्यामागे दोन वर्षांचे उठवणे, बसवणे, पुसणे, भरवणे असते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ते माहीत आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून दत्तक मुलाच्या हक्काचा वाद नातलगांनी काढला, तेव्हा माईंनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर १८९३ मध्ये सासवडला झालेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. म्हणजे विधवा होऊन कोपऱ्यात बसण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मग प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. वर्ष संपता संपता साथ पुण्यात पोचली. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. मुंबईत हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस स्वतःवर टोचून पाहिली होती, पण लागण झालेल्या माणसाला बरे करणारे औषध जगात कोणाकडेही नव्हते. प्रतिजैविके यायला अजून जवळपास अर्धे शतक होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. रुग्ण शोधायचा, उचलायचा, वेगळा टाकायचा, सामान जाळायचे, असे अधिकार त्याने दिले. हाच कायदा मार्च २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा काढला गेला, हे वाचकांना आठवत असेल.

करोनाच्या काळात आम्ही वस्तीत होतो. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना मुले माळ्यावर लपवत होती. उचलून नेतील आणि प्रेतसुद्धा देणार नाहीत, एवढीच चर्चा. त्यामुळे १८९७ च्या पुण्यात काय झाले असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. लोक रुग्ण लपवत होते, शहर सोडून पळत होते. बरे, उच्चवर्णीयांना पळायला गावाकडचे घर तरी होते. महारवाड्यातल्या माणसाने कुठे पळायचे? दुसऱ्या गावाच्या वेशीवर त्याला कोण उभे करणार?

सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतले. तो तेव्हा लष्करात डॉक्टर होता. पुण्याच्या पूर्वेला, हडपसरजवळ ससाणे मळ्याच्या मोकळ्या जागेत त्यांनी दवाखाना सुरू केला. ससाणे हे यशवंतच्या सासरचे आडनाव. ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी त्याचे लग्न १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने झाले होते. म्हणजे जागा आली ती चळवळीच्या सोयरिकीतून, डॉक्टर आला तो घरातून, आणि रुग्ण कोण आणायचे, तर माई स्वतः. त्या वस्त्यांमध्ये जात, रुग्ण पाहत, दवाखान्यात आणत.

या दवाखान्याची जात कोणती होती? काहीच नव्हती, आणि हेच त्याचे वेगळेपण. पैसेही मागितले जात नव्हते. मुक्ताने १८५५ मध्ये विचारले होते, तुमच्यात असा कोणी वैद्य झाला का. बेचाळीस वर्षांनी तसा वैद्य झाला होता. तो एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मला होता आणि मुक्ताच्या शिक्षिकेने वाढवला होता. मुक्ता ते पाहायला होती की नाही, इतिहास काही सांगत नाही. तिच्याविषयी त्या निबंधापलीकडे फारच थोडे हाती लागते, आणि आपल्या मुलींच्या बाबतीत इतिहास नेहमी असाच हात आखडता घेतो.

औषध नसताना दवाखाना काय करतो, असा प्रश्न कोणी विचारील. पाणी पाजतो, ताप उतरवायला पट्ट्या ठेवतो, गाठ फुटली तर धुतो, कांजी भरवतो, रात्री जागतो. उंदीर पडलेल्या अंधाऱ्या खोलीतून माणसाला उजेडात, वाऱ्यावर आणतो. तेव्हा करता येण्यासारखे एवढेच होते. आणि माणूस मरणार असेल तर एकटा मरू देत नाही. शास्त्राच्या भाषेत याला आधारोपचार म्हणतात. आजही निम्म्या आजारांत तेच कामी येते असे आमच्या ओळखीचे एक जुने वैद्यकीय अधिकारी म्हणायचे.

मार्चच्या सुरुवातीला माईंना कळले की मुंढव्याच्या गावकुसाबाहेर महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाला आहे. मूल दहाएक वर्षांचे. त्या तिथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि चालत हडपसरच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला असे चरित्रकार सांगतात. माईंना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्चपासून, रँडच्या प्लेग समितीने पुण्यात सैनिकांकरवी घरझडती सुरू केली. दारे तोडून घरात घुसणारे शिपाई, बायकांची विटंबना, चव्हाट्यावर तपासणी, हे सगळे पुढे सुमारे दोन महिने चालले आणि त्यावर जे रामायण घडले ते शाळेच्या पुस्तकात सविस्तर आहे. त्याच पुस्तकात मुंढवा-हडपसरची वाट एका ओळीत उरकलेली असते.

आम्हाला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. रुग्ण घरातून बाहेर काढून उपचाराला नेणे, हेच दोघेही करत होते. सरकारही, माईही. एकाकडे कायदा, शिपाई आणि पैसा होता आणि लोक त्याच्यापासून मुले लपवत होते. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी बाई होती आणि तिच्या पाठीवर बाप आपले पोर देत होता. तो विश्वास प्लेगच्या आठवड्यात तयार झालेला नव्हता. शाळा, हौद, दुष्काळातली भाकरी, दार ठोठावताच उघडणारे घर, असा पन्नास वर्षांचा हिशेब त्यामागे होता.

आज कागदावर आपल्याकडे व्यवस्था आहे. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार आणि वीस हजार. २००५ पासून आशाताई आल्या, साधारण हजार लोकांमागे एक. उपकेंद्रांवर आता नवे फलक, नवी नावे लागली आहेत. हे सगळे महत्त्वाचे आहे, त्याची टिंगल करणे आम्हाला परवडणारे नाही. आमच्या भागातली कितीतरी बाळे या केंद्रांमुळे जगली. पण निकष लोकसंख्या मोजतो, केंद्र गावाच्या कोणत्या टोकाला बांधले हे मोजत नाही. आमच्या माहितीतले एक उपकेंद्र वरच्या आळीत, देवळाला लागून आहे. जागा तिथल्या एका मोठ्या घराने दिली, म्हणून. बौद्धवाड्यातून तिथे जायला पंधरा मिनिटे लागतात. गरोदर बायका त्या पंधरा मिनिटांसाठी कारणे शोधतात. एका ताईला आम्ही खोदून विचारले, तेव्हा तिने सांगितले की तिथे गेले की खिडकीतून गोळ्या देतात, आत बसा म्हणत नाहीत. वरच्या आळीतल्या बायका मात्र आत पंख्याखाली बसलेल्या असतात. तक्रार करण्याजोगे काही नाही, गोळ्या मिळतात, नोंदही होते. ताईने तिसऱ्या महिन्यानंतर जाणे सोडले.

आम्ही यावर आमच्या परीने एक केले. महिन्यातून एक दिवस तपासणी बौद्धवाड्यातल्या विहारात व्हावी म्हणून आठ महिने अर्ज केले. मंजूर झाले. पहिल्या दिवशी नर्सबाई आल्या तेव्हा विहाराच्या ओट्यावर तेवीस बायका होत्या, त्यांत वरच्या आळीतल्या चार. त्या चौघी कोपऱ्यात उभ्या होत्या. मग आशाताईने चटई झटकली आणि त्यांना आत बसा म्हटले.

गेल्या वर्षी १० मार्चला भाषणांना फाटा देऊन आम्ही काहीजण मुंढव्यापासून हडपसरच्या ससाणेनगरपर्यंत पायी गेलो. चार-पाच किलोमीटर असेल. आता मध्ये मगरपट्टा आहे, काचेच्या इमारती आहेत, रस्ता ओलांडायला दहा मिनिटे लागतात. दहा वर्षांचे मूल पंचवीस किलोच्या आसपास भरते म्हणून आमच्यातल्या एकाने गंमतीत पाठीवरच्या पिशवीत तेवढे तांदूळ घेतले होते. अर्ध्या वाटेवर ती पिशवी चौघांच्या पाठीवरून फिरली होती, आणि आमच्यातला सर्वांत मोठा चाळिशीचा होता. ऊन मार्चचेच होते.

यशवंतने प्लेगचे काम पुढेही केले. माईंनंतर दहा वर्षांच्या आत, पुन्हा आलेल्या साथीत रुग्णांवर उपचार करताना, त्यालाही प्लेगनेच नेले.